पहारेकऱ्याची नाडी

आमच्या घरांत एक लहानसा पितळी डबा आहे. एके काळीं त्यांत माझ्या वडिलांचीं जानवीं असत. आतां त्यांत माझ्या पुतण्याच्या गोळ्या असतात. सकाळीं आठ आणि रात्रीं आठ ह्या दोन वेळीं तो डबा उघडलाच पाहिजे; मग देवपूजा अर्धी राहिलेली असो, पानें वाढलेलीं असोत, किंवा दारीं पाहुणा उभा असो. चार वर्षांपूर्वीं पुतण्याचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं, तेव्हां त्याच्या आईनें, म्हणजे माझ्या वहिनींनीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं आपलें एक मूत्रपिंड त्यास दिलें. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, आणि संकट टळलें असें आम्हीं सर्वांनीं मानलें.

संकट टळलें नव्हतें, त्याचें स्वरूप मात्र पालटलें होतें. हें कळावयास आम्हांस एक वर्ष लागलें. दर महिन्यास रक्त तपासावें लागे, आणि तें सकाळची गोळी घेण्यापूर्वीं द्यावें, असा नियम होता. एके दिवशीं रस्त्यांत खोळंबा झाला, तपासणीच्या जागीं रांग लांब होती, आणि आठ वाजून गेले. वहिनींचा जीव राहीना. त्यांनीं पिशवींतून गोळी काढून मुलास दिली. रक्त घेतलें गेलें तें दहा वाजतां. मागील महिन्यांत औषधाचा आंकडा ७ होता, तो आतां १७ आला. गोळी केव्हां घेतली हें कोणीं विचारलें नाहीं, व आम्हीं सांगितलें नाहीं. आंकडा फार वाढला म्हणून औषध कमी करण्यांत आलें. तीन आठवड्यांनीं रक्तांतील क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडानें बाहेर टाकावयाचें एक मलद्रव्य, १.२ वरून १.९ वर गेलें. सुईनें मूत्रपिंडाचा कण काढून पाहिला, तों शरीरानें त्यावर हल्ला आरंभिल्याचें दिसलें. तीन दिवस शिरेंतून भारी औषध द्यावें लागलें. क्रिएटिनीन उतरून १.४ वर आलें व तेथेंच राहिलें, पुन्हां १.२ कधीं झालें नाहीं.

त्या तीन दिवसांत रुग्णालयाच्या बांकावर बसल्या बसल्या वहिनींनीं मला एक प्रश्न केला. "भाऊजी, हे औषध मोजतात, मल मोजतात. त्याचें अंग माझ्या मूत्रपिंडावर रागावलें आहे कीं नाहीं, तें सरळ कां नाहीं मोजीत?" चाळीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलेल्या माणसाजवळ याचें उत्तर नव्हतें. पुढें डॉक्टरांस विचारून व पुस्तकें चाळून मला जें समजलें, तें येथें मांडीत आहें. कारण असा पितळी डबा आतां पुष्कळ घरांतून आहे.

आपल्याच अंगाची कातडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं लावली तर रुजते, हें आपल्या देशांत प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेंत गालाच्या कातडीनें नाक करण्याची रीत सांगितली आहे. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातींतील एका माणसानें, नाक कापल्या गेलेल्या एका गाडीवानास त्याच्याच कपाळाच्या कातडीचें नवें नाक बसविलें. त्याचा सचित्र वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत छापून आला, आणि युरोपांतील शस्त्रवैद्यांनीं ती विद्या उचलली. परंतु दुसऱ्याची कातडी मात्र रुजत नसे. कां रुजत नाहीं, याचा उलगडा व्हावयास दुसरें महायुद्ध उजाडावें लागलें. ग्लासगो येथें भाजलेल्या एका स्त्रीस तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले होते. ते कांहीं दिवसांनीं झडून गेले. त्याच भावाची कातडी दुसऱ्यांदा लावली, तेव्हां ती पहिलीहून लवकर झडली. पीटर मेदावर व टॉमस गिब्सन यांनीं १९४३ सालीं हें प्रसिद्ध केलें. त्याचा अर्थ असा कीं, शरीर परक्यास ओळखतें आणि पुढें लक्षांतही ठेवतें. सख्खा भाऊ असला तरी शरीराच्या दृष्टीनें तो परकाच. मेदावर यांस पुढें १९६० सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

ही ओळख ठेवण्याचें काम रक्तांतील श्वेतपेशींकडे असतें. त्यांतही टी-पेशी ह्या नांवाच्या पेशी नाक्यावरच्या पहारेकऱ्यांप्रमाणें प्रत्येकाचा परवाना तपासतात. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बॉस्टन येथें जोसेफ मरे यांनीं रोनाल्ड हेरिक याचें मूत्रपिंड त्याच्या भावास, रिचर्डास, बसविलें व तें टिकलें, याचें कारण दोघे एकाच बीजाचे जुळे होते. पहारेकऱ्यास फरकच कळला नाहीं. ते खरोखरच तसे जुळे आहेत कीं नाहींत, याची खात्री करण्यासाठीं एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्यास लावून पाहिला होता, आणि पोलिसांकडून बोटांचे ठसेही घेवविले होते. रिचर्ड पुढें आठ वर्षें जगला. रोनाल्ड एका मूत्रपिंडावर २०१० पर्यंत जगला व ७९ व्या वर्षीं वारला. ही शेवटची गोष्ट मीं वहिनींस मुद्दाम दोनदां सांगितली आहे.

जुळा भाऊ सर्वांसच कोठून असणार? यास्तव पहारेकऱ्यास गुंगी देणें प्राप्त झालें, आणि येथूनच खरी अडचण सुरू होते. हा पहारेकरी रोपिलेल्या अवयवास जसा अडवितो, तसाच क्षयाच्या, न्युमोनियाच्या, कांजिण्यांच्या जंतूंसही अडवितो. त्यास निजविलें तर वेशीचें दार सर्वांस उघडें. ३ डिसेंबर १९६७ रोजीं केपटाउन येथें ख्रिस्तियान बर्नार्ड यांनीं लुई वॉशकान्स्की यांस दुसऱ्याचें हृदय बसविलें. साऱ्या जगानें तोंडांत बोट घातलें. परंतु वॉशकान्स्की अठराव्या दिवशीं वारले तें हृदयानें नव्हे, न्युमोनियानें. पुढच्याच फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तें धाडस केलें. तो रोगी कांहीं तासच जगला. १९६८ ह्या एका वर्षांत जगभर शंभराच्या आसपास हृदयें रोपिलीं गेलीं, आणि बहुतेक रोगी थोड्याच काळांत दगावल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं तें काम थांबलेंच. शस्त्रवैद्याचा हात तयार होता. पहारेकऱ्यास किती निजवावें, हें मात्र कोणास कळत नव्हतें.

पुढें ज्या औषधांनीं हा डाव सांवरला, तीं मातींतून निघालीं हें मोठें नवल आहे. नॉर्वेंतील एका उजाड पठारावरच्या मातींतील बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालें. १९७२ सालीं बाझेल येथें त्याचा गुण ओळखला गेला व १९८३ पासून तें अमेरिकेंत सर्रास देतां येऊं लागलें. जपानांतील त्सुकुबा येथल्या मातींतून १९८४ सालीं टॅक्रोलिमस निघालें; आमच्या पितळी डब्यांत मुख्यतः तेंच असतें. तिसरें, सिरोलिमस, ईस्टर बेटाच्या मातींतलें. त्याच्या पाठीस लागलेले रसायनज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल हे आपल्याकडचे. कॅनडांतील त्यांची प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हां त्यांनीं तो जीवाणु घरच्या शीतपेटींत जपून ठेवला होता, असें सांगतात.

ह्या औषधांची वाट अरुंद असते. टॅक्रोलिमस थोडें कमी पडलें तर अवयव नाकारला जातो. थोडें अधिक झालें तर जंतूंस रान मोकळें होतें, हात कांपतात, मधुमेह जडतो, आणि गंमत अशी कीं ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठीं तें द्यावयाचें, त्यासच तें इजा करतें. शिवाय तीच गोळी एकाच्या रक्तांत दुप्पट उतरते तर दुसऱ्याच्या निम्मी. म्हणून रक्तांतील प्रमाण मोजावें लागतें. एका मिलिलिटर रक्तांत इतके नॅनोग्रॅम, असा तो आंकडा असतो, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. साधारणतः आरंभींचे महिने तो ८ ते १२ ठेवतात, पुढें ५ ते ८ पर्यंत उतरवितात. हे आंकडे ठरविलेले आहेत ते मागची गोळी घेऊन बारा तास लोटल्यावरचे, म्हणजे औषध रक्तांत सर्वांत कमी उरलेलें असतांनाचे. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत तें एकदम चढतें. विहिरीस पाणी किती टिकतें हें पाहावयाचें तर वैशाखांत दोर सोडावा लागतो; आम्हीं तो श्रावणांत सोडला, आणि विहीर तुडुंब आहे असें समजून पाणी देणें कमी केलें.

आतां वहिनींचा प्रश्न. औषध मोजणें आणि पहारेकऱ्याची अवस्था मोजणें ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. शाळेंत मला असे पालक पुष्कळ भेटत, जे मुलाच्या अभ्यासाचा हिशेब दिव्यांत जळलेल्या तेलावरून करीत. दुसरे असे कीं, ते वार्षिक परीक्षेचा निकाल लागेपर्यंत कांहींच पाहत नसत. मुलाच्या डोक्यांत काय चाललें आहे, हें ना ह्यांस कळे ना त्यांस. टॅक्रोलिमसचा आंकडा हा तेलाचा हिशेब. क्रिएटिनीन हा परीक्षेचा निकाल. क्रिएटिनीन वाढूं लागतें तेव्हां मूत्रपिंडाचें कांहीं नुकसान होऊन गेलेलें असतें. सुईनें कण काढून पाहणें अधिक खात्रीचें, व त्याची प्रतवारी करण्याचे नियम कॅनडांतील बॅन्फ येथें १९९१ सालीं भरलेल्या बैठकींपासून सर्वत्र एकसारखे झाले आहेत. परंतु दर महिन्यास कोणी सुई टोंचून घ्यावी?

मधल्या काळांत निकालाच्या आधीं सुगावा लागावा, असे कांहीं उपाय निघाले. दात्याच्या पेशींविरुद्ध रोग्याच्या रक्तांत प्रतिद्रव्यें, ज्यांस डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात, तीं आहेत काय हें शस्त्रक्रियेपूर्वीं पाहण्याचें महत्त्व पटेल व तेरासाकी यांनीं १९६९ सालीं दाखवून दिलें: तीं ज्यांच्यांत होतीं अशा ३० पैकीं २४ मूत्रपिंडें तत्काळ निकामी झालीं, नव्हतीं अशा १९५ पैकीं केवळ ८. आतां हीं द्रव्यें शस्त्रक्रियेनंतरही वेळोवेळीं शोधतात. रोपिलेल्या अवयवाच्या पेशी मरूं लागल्या म्हणजे त्यांच्या डीएनएचे तुकडे रोग्याच्या रक्तांत वाहूं लागतात. तेही मोजतां येतात, आणि २०१७ पासून शेंकडा १ ही धोक्याची खूण म्हणून पुढें आली आहे. परंतु हीं सर्व पहारेकऱ्यानें उगारलेल्या काठीचीं चिन्हें झालीं. तो जागा आहे कीं डुलकी घेत आहे, हें काठी उगारण्यापूर्वीं कळावें, ही वहिनींची मागणी होती.

असा एक प्रयत्न अमेरिकेंत झाला व २००२ सालीं तेथील सरकारी मान्यतेस पात्र ठरला. तो मला फार आवडला, कारण त्यांत राजमा व काजवा अशा दोन ओळखीच्या गोष्टी आहेत. राजम्यांत एक द्रव्य असतें (राजमा नीट न शिजवितां खाल्ला तर पोट बिघडतें तें त्यामुळेंच). त्याचा श्वेतपेशींस स्पर्श झाला कीं त्या खवळून उठतात, हें १९६० सालीं लक्षांत आलें होतें. ह्या तपासणींत रोग्याचें थोडें रक्त घेऊन त्यांत तें राजम्याचें द्रव्य घालतात व रात्रभर, पंधरा ते अठरा तास, उबेंत ठेवतात. मग लोहचुंबकानें ओढल्या जाणाऱ्या बारीक मण्यांच्या साह्यानें त्यांतून एका विशिष्ट जातीच्या टी-पेशी वेंचून काढतात आणि फोडतात. पेशी जितकी खवळली असेल, तितकें तिनें एटीपी नांवाचें शक्तिद्रव्य निर्माण केलेलें असतें. हें एटीपी मोजावयास काजव्याच्या अंगांतील प्रकाश देणारीं द्रव्यें त्यांत मिसळतात. एटीपी जितकें अधिक, तितका उजेड अधिक. उजेड यंत्रानें मोजतात. आंकडा २२५ पर्यंत आला तर पहारेकरी फार गुंगींत, ५२५ किंवा त्याहून अधिक आला तर फार ताजातवाना, अशी वांटणी केलेली आहे. म्हणजे पहारेकऱ्याच्या कानाशीं हांक मारावयाची, आणि तो किती दचकून उठतो तें पाहावयाचें.

हें वाचून मी हर्षभरित झालों व डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं शांतपणें माझा हर्ष उतरविला. कल्पना सुंदर आहे, परंतु पुढील वर्षांत निरनिराळ्या रुग्णालयांतून जे निष्कर्ष आले ते एकमेकांशीं जुळले नाहींत. आंकडा फार खालीं असला तर जंतुबाधेचा संभव अधिक, एवढें बऱ्याच ठिकाणीं दिसलें. यकृत रोपिलेल्या रोग्यांत ह्या आंकड्यावरून औषध कमीजास्त केल्यानें लाभ झाल्याचा वृत्तांतही २०१५ सालीं आला. परंतु एकट्या रोग्याच्या एकट्या आंकड्यावरून त्याचें मूत्रपिंड उद्यां नाकारलें जाईल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. याचें कारण मला पटलें. राजम्याच्या हांकेनें सर्वच पहारेकरी दचकतात. आपल्याला हवा असतो तो वहिनींच्या मूत्रपिंडावर डोळा ठेवून बसलेला. एखाद्या विशिष्ट शत्रूची आठवण पेशींस आहे काय, हें पाहण्याच्या तपासण्या निघाल्या आहेत. तूर्त त्यांचा उपयोग विषाणूंच्या बाबतींत, विशेषतः सायटोमेगॅलो नांवाच्या विषाणूच्या बाबतींत, होऊं लागला आहे.

दुसरी एक युक्ति ह्याहून चमत्कारिक आहे. १९९७ सालीं जपानांत एका रोग्याच्या रक्तांत एक नवा विषाणु सांपडला; रोग्याच्या आद्याक्षरांवरून त्यास टीटी म्हणूं लागले. शोध घेतां असें आढळलें कीं, हा विषाणु बहुतेक सर्व माणसांच्या अंगांत असतो आणि त्यानें कोणताही रोग झाल्याचें सिद्ध नाहीं. निरुपद्रवी बिऱ्हाडकरूच म्हणाना! पहारेकरी जागा असला म्हणजे ह्याची संख्या आटोक्यांत राहते. तो निजला कीं वाढते. मग ह्याची गणतीच कां करूं नये? वियेन्ना येथील संशोधकांनीं ही गोष्ट मनावर घेतली. मूत्रपिंड रोपिलेल्यांत एका मिलिलिटर रक्तांत ह्या विषाणूंची संख्या सुमारें १० लक्षांहून कमी झाली तर अवयव नाकारला जाण्याचें भय अधिक, आणि १० कोटींच्या वर गेली तर जंतुबाधेचें भय अधिक, असें त्यांस आढळलें. आणि ह्या गणतीवरून औषध ठरवावें काय, याची चाचणी युरोपांतील अनेक ठिकाणीं मिळून हातीं घेण्यांत आली. धान्याच्या कोठारांत मांजर जागें आहे कीं नाहीं, हें उंदरांच्या लेंड्या मोजून ओळखणाऱ्या गृहिणीचीच ही रीत आहे. ह्याचा दुष्ट भाऊबंद बीके हा विषाणु (हेंही एका रोग्याचेंच आद्याक्षर, १९७१ सालचें) मात्र बहुतेक ठिकाणीं आजच मोजतात. कारण तो रक्तांत दिसूं लागला तर औषध कमी न केल्यास तो मूत्रपिंडच खाऊन टाकतो.

एवढें समजल्यावर मीं वहिनींस उत्तर दिलें कीं, तुम्ही विचारतां तें मोजण्याची खटपट चालली आहे, परंतु भरंवसा ठेवण्याजोगा एकच आंकडा अद्यापि कोणाजवळ नाहीं. म्हणून डॉक्टर पांचसात खुणा एकत्र जुळवून अजमास करतात. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या जुन्या वैद्यांसारखेंच, नाडी, जीभ, डोळे." मला हें मान्य करावें लागलें.

आणि म्हणूनच घरांतल्या माणसांच्या सवयींस महत्त्व येतें, कारण त्या खुणांत आपण नकळत खोटें मिसळूं शकतों. पपनस आमच्या घरीं आतां आणीत नाहींत. त्यानें व त्याच्याच जातीच्या ग्रेपफ्रुटानें टॅक्रोलिमस रक्तांत चढतें. बुरशीवरचीं कांहीं औषधें तें फार चढवितात; क्षयावरचें रिफॅम्पिसिन तें एकदम उतरवितें, आणि क्षय आपल्या देशांत कांहीं दुर्मिळ नाहीं. शेजारच्या दुकानांतून खोकल्याच्या, पोटाच्या गोळ्या आणून देण्याची जी आपली रीत, ती अशा घरांत बंदच असावी. न तापविलेल्या दुधाचें पंचामृत व मोड आलेल्या कच्च्या मुगांची कोशिंबीर ह्या दोहोंवर माझ्या आग्रहानें बंदी आली. सोंवळ्याचा भंग झाल्याबद्दल प्रथम कुरकुर झाली, हेंही खरें. जिवंत विषाणूंची लस रोग्यास देत नाहींत. पण घरांतल्या तान्ह्या मुलास तोंडानें पाजावयाच्या पोलिओच्या लशीचे विषाणुही त्याच्या शौचावाटें कांहीं आठवडे बाहेर पडत असतात, तेव्हां तिच्याबद्दल आधीं डॉक्टरांस विचारावें.

सर्वांत मोठा शत्रु म्हणजे बरें वाटणें. रोगी हिंडूं फिरूं लागला, कामावर जाऊं लागला, कीं घरच्यांस वाटतें, आतां कशास इतक्या गोळ्या? पहारेकरी चार वर्षांनीं नव्या पाहुण्यास आपला मानूं लागत नाहीं. क्वचित् मानतोही, असे मोजके रोगी जगांत नमूद आहेत; परंतु आपण त्यांतले आहों असें घरबसल्या ठरविणें हा वेडेपणा होय. पुतण्यानेंही एकदां प्रवासांत दोन वेळा चुकविल्या होत्या, आणि तें आईपासून लपविलें होतें. मला कळल्यावर मी त्यास रागें भरलों नाहीं. पुढच्या तपासणीच्या वेळीं डॉक्टरांसमोर त्यानें स्वतः सांगावें, एवढेंच म्हटलें. त्यानें सांगितलें. आपल्या देशांत जिवंतपणीं मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका अधिक, घेणाऱ्यांत पुरुष अधिक, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे आणि ती पुरुषांनीं अभिमानानें सांगण्याजोगी नाहीं. निदान मिळालेलें सांभाळण्यांत तरी त्यांनीं मागें राहूं नये, असें मला वाटतें.

ह्या महिन्याचा टॅक्रोलिमसचा आंकडा ६.४ आला, क्रिएटिनीन १.४. आतां आम्हीं तपासणीच्या दिवशीं एक चिठ्ठी नेतों. तिच्यावर मागची गोळी रात्रीं किती वाजतां घेतली तें लिहिलेलें असतें, आणि रक्त घेणाऱ्याकडून त्याची वेळही तिच्यावर लिहवून घेतों. वहिनी अजून बरोबर येतात. सकाळची गोळी वेष्टणासह त्यांच्या पदराच्या गांठींत असते. आठ वाजून गेले तर त्यांचे डोळे घड्याळाकडे लागतात, हात गांठीकडे जातो. परंतु पुतण्या दंडावर कापूस दाबीत बाहेर येईपर्यंत ती गांठ सुटत नाहीं.